कोरा नमुना

ओरुरोत बाटल्या फुगून येतात.
खाली इकीकेच्या बंदरात बूच घट्ट बसवलेलं,
मग ट्रक दोन दिवस डोंगर चढतो
आणि आमच्या कोठीत उतरेपर्यंत
आतली हवा रुसल्या पोरासारखी गाल फुगवून बसते.
"तिचं तोंड भिंतीकडे कर," एउलोहिया म्हणायची,
"आणि हळूच बोलतं कर."

एकोणतीस वर्षं कोठीची किल्ली तिच्या कमरेला.
शाळा सहावीपर्यंत.
दुपारी डब्याआधी किनवा निवडायची, खडा खडा बाजूला,
आणि त्याच नजरेनं पुरवठादारांचे कागद.
नायट्रिक आम्ल तीन प्रतींचं यायचं:
साधं काचभांड्यांना,
मधलं विद्यार्थ्यांना,
तिसरं, दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं, पांढऱ्या टेफ्लॉनच्या बाटलीत,
माझ्या दीड पगाराचं,
ते फक्त विहिरींच्या पाण्यातलं शिसं शोधायला.
नवा साहेब म्हणाला, सरसकट उत्तमच मागवू.
"भांडी घासायला कुणी तीर्थ घेतं का?"
असं तिनं विचारलं, आणि मागणीपत्र फाडलं.

शुद्धतेचा दाखला म्हणजे घाणीची यादी,
हे मला तिनंच दाखवलं.
लोह इतकं, जस्त इतकं, शिसं
दशांशचिन्हानंतर कितीतरी शून्यं ओलांडून, पण आहे.
"जिला आपली घाण एवढी नेमकी ठाऊक, ती बाटली घ्यायची.
नुसतीच 'शुद्ध' म्हणवते ती परत पाठव."

अमोनिया आणि मिठाचं आम्ल एका कपाटात नको,
न भेटताच त्यांचं जमतं,
सकाळी काचेवर पांढरी साय.
आम्लं खालच्या फळीवर, तसराळ्यात,
डोळ्यांच्या वर काहीच नाही.
ईथरच्या चिठ्ठीवर उघडल्याची तारीख;
म्हातारपणी ते चिडकं होतं,
बुचाशी खडे दिसले तर हात लावू नकोस,
मला हाक मार आणि दार ओढून घे.
ओतलं ते ओतलं.
उरलेलं परत बाटलीत जात नाही,
कितीही महाग असो, कुणी बघत नसो.

त्या जुलैत कोरा नमुना बिघडला.
कोरा म्हणजे नुसतं पाणी, नुसतं आम्ल,
ज्यात काही नसावं म्हणूनच जो करायचा.
यंत्र म्हणालं, शिसं.
बाटली बदलली. शिसं.
पिपेटी रात्रभर आम्लात भिजवल्या, नवं सील फोडलं,
साहेबानं कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं.
शिसं.
चौथ्या दिवशी एउलोहिया माझ्यासमोर उभी राहिली,
अंगात तो तपकिरी कोट,
फोर्तुनातोचा, खाणीतला,
कोठीत शेगडी चालत नाही म्हणून थंडीत ती तोच घालायची,
तो गेल्यापासून सात हिवाळे.
"बाहीवरून बोळा फिरव," म्हणाली.
मी फिरवला.
आलेखाची रेघ कागदाबाहेर गेली.

ती काही बोलली नाही. मीही.
कोट उतरवून तिनं हातांवर घेतला,
भरलेली बाटली घेतात तसा, एक हात खालून.

दुसऱ्या दिवशी दोन स्वेटर घालून आली.
कोट पहारेकऱ्याच्या खोलीत खुंटीला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत,
तोंडाला दुहेरी पट्टी, आणि वर तिच्या ठसठशीत अक्षरात
नाव, मिळाल्याची तारीख,
उघडल्याची जागा रिकामी.

त्या आठवड्यात कोरा नमुना खाली आला.
शून्य नाही. शून्याच्या जवळ कुठेतरी,
सुई थरथरून थांबली तिथे.
"हे कुठून आलं?" मी विचारलं.
खिडकीबाहेर वारा टेकाडांवरची धूळ गावभर वाटत होता.
"राहतं एवढं," ती म्हणाली. "लिहून ठेव.
विहिरीच्या आकड्यातून वजा कर,
आणि खिडकी लाव आधी."